पहाटे चारची झोप साडेअकरावर आणताना

रात्री बाराला अंथरुणाला पाठ टेकायची, चार वाजेपर्यंत कूस बदलत राहायचं आणि सातचा गजर झाला की अंगात शिसं ओतल्यासारखं उठायचं. सुट्टीच्या दिवशी गजर नसला की मात्र चार ते बारा अशी सलग आठ तासांची गाढ झोप. हे दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत घडत असेल, तर तो बहुधा नेहमीचा निद्रानाश नाही. झोपेची यंत्रणा शाबूत आहे, ती फक्त चार तास उशिरा सुरू होते. याला विलंबित निद्रा-जागृती विकार म्हणतात. एलियट वाइट्झमन, चार्ल्स झायस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्याचा क्रमांक ७ए६० आहे. तो कुठेतरी लिहून ठेवा, पुढे पत्रव्यवहारात लागतो.

मी या वाटेने गेले आहे आणि नोंदवह्या समोर ठेवून लिहिते आहे. क्रम घडत जातो तोच ठेवला आहे: नोंदी, डॉक्टर, उजेड, मेलाटोनिन (रात्र झाल्याची खबर शरीराला देणारं संप्रेरक) आणि मग मिळवलेलं टिकवणं. नोंदींना दोन आठवडे लागतात. तज्ज्ञांची वेळ कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. प्रत्यक्ष घड्याळ सरकवायला सहा ते आठ आठवडे जातात. मधली घसरण आणि पुन्हा उभं राहणं धरून चार महिन्यांची मनाची तयारी ठेवावी. आठ दिवसांत होईल या आशेने सुरू केलं की नवव्या दिवशी माणूस मोडतो, आणि या दुखण्यात आशा मोडणं फार महाग पडतं. आधीच वर्षानुवर्षं ‘आळशी’, ‘शिस्त नाही’, ‘फोन बाजूला ठेव म्हणजे झोप येईल’ हे ऐकून कान किटलेले असतात.

सुरुवात करण्याआधी घड्याळ कसं चालतं ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढच्या कृती उलट्या केल्या जातात. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या अगदी वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका आहे. तेच शरीराचं मुख्य घड्याळ. ते बाहेरच्या उजेडाशिवायही चालू राहतं. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. माणसाच्या घड्याळाचा स्वतःचा फेरा सरासरी २४ तासांहून दहा-अकरा मिनिटांनी मोठा भरतो. म्हणजे बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं आणि सकाळचा उजेड ते रोज पुढे ओढून जागेवर आणतो. काहींचा फेरा याहून लांब असतो, काहींचे डोळे संध्याकाळच्या उजेडाला जास्त संवेदनशील असतात. काही कुटुंबांत हे रक्तातच असतं: सीआरवाय-१ या जनुकातला एक बदल घड्याळ लांबवतो, हे २०१७ मध्ये दाखवून देण्यात आलं. वयात येताना तर जवळपास सगळ्याच मुलांचं घड्याळ मागे सरकतं. यात शिस्तीचा प्रश्न कुठे येतो ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

‘मग लवकर आडवं पड’ हा सल्ला का चालत नाही, याचंही उत्तर मोजून मिळालेलं आहे. आपली नेहमीची झोपेची वेळ असते, तिच्या आधीचे दोन-तीन तास मेंदू सर्वांत जास्त जागा असतो. पेरेट्झ लावी या संशोधकाने १९८६ मध्ये त्या पट्ट्याला झोपेसाठीचा निषिद्ध प्रदेश म्हटलं. चारला झोपणाऱ्या माणसाचा हा पट्टा एक ते चार असा असतो. बाराला अंथरुणावर पडलेला माणूस थेट त्या पट्ट्यात शिरतो आणि रोज तीन-चार तास अंथरुणावर जागं राहण्याचा सराव करतो. काही महिन्यांनी अंथरूण दिसलं की झोप उडायला लागते. मूळ दुखणं घड्याळाचं, त्यावर निद्रानाशाचं दुसरं दुखणं चढतं. म्हणून झोपेच्या टोकाला ओढायचं नाही, उठण्याच्या टोकाला हात घालायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिले १४ दिवस: नोंदवही

या दिवसांत काहीही सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. कामाचे आणि सुट्टीचे, दोन्ही प्रकारचे दिवस त्यात यायला हवेत. कमीत कमी सात दिवस चालतात, पण तज्ज्ञांना १४ हवे असतात. साध्या वहीत रोजची एक ओळ, उठल्यावर अर्ध्या तासात लिहिलेली, रात्री घड्याळाकडे न बघता अंदाजाने. अशी: ‘मंगळवार. दिवा बंद १२.४०. झोप अंदाजे ४.१०. मध्ये जाग नाही. गजर ७.००, उठणं ७.३५. गजर नसता तर झोपून राहिले असते. दुपारी ५.०० ते ६.२० डुलकी. चहा ८, ११, ४, ७. घराबाहेरचा उजेड २० मिनिटं.’ यातलं ‘दिवा बंद’ आणि ‘झोप’ यातलं अंतर डॉक्टर सर्वांत आधी बघतात. दुसरं बघतात ते सुट्टीच्या दिवशीची आपोआप आलेली जाग.

शक्य असेल तर याच दिवसांत, किंवा जोडून सुट्टी घेऊन, सलग आठवडाभर गजराशिवाय राहा. झोप येईल तेव्हा झोपा, जाग येईल तेव्हा उठा. पहिले तीन-चार दिवस साठलेली झोप भरून निघते, ते मोजू नका. त्यानंतरच्या दिवसांची सरासरी काढली की आपली खरी वेळ कळते. ती ‘चार ते बारा’ आहे असं पुढच्या हिशेबासाठी धरते. वेळ रोज तासाभराने पुढे पुढे जात असेल, आज चार, उद्या पाच, परवा सहा, तर तो वेगळा विकार आहे. त्यात घड्याळ २४ तासांना धरूनच राहत नाही. पूर्ण अंधत्व असलेल्यांत तो जास्त दिसतो, पण डोळस माणसांतही आढळतो. पुढची कृती त्यासाठी जशीच्या तशी लागू नाही, म्हणून हा फरक नोंदींत दिसायलाच हवा.

डॉक्टरांकडे

झोपेचे तज्ज्ञ मूळचे मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा छातीचे डॉक्टर असू शकतात. वेळ घेतानाच विचारा, ‘घोरणं आणि श्वास अडकणं याखेरीज झोपेच्या वेळेचे विकार बघता का?’ हा प्रश्न न विचारता गेलात तर अर्धा वेळ रात्रभराच्या चाचणीवर बोलण्यात जातो. रात्रभर तारा लावून केलेली ती चाचणी या निदानासाठी सहसा लागत नाही. जोरात घोरणं, श्वास थांबणं, पाय झटकणं अशी वेगळी शंका असेल तरच ती करायची.

सोबत न्यायच्या गोष्टी: १४ दिवसांच्या नोंदी एका पानावर आणून, चालू औषधांची यादी आणि हे कधीपासून आहे याचं एक वाक्य. तीन महिन्यांहून जास्त काळ चालू असणं हा निदानाचा निकष आहे. नैराश्य, थायरॉइड, रात्रपाळी यांबद्दल विचारलं जाईल. न लपवता सांगा, कारण नैराश्याबरोबर हा विकार बऱ्याचदा असतो आणि दोन्हींकडे लक्ष द्यावं लागतं. सकाळ-संध्याकाळच्या प्रवृत्तीची १९ प्रश्नांची एक प्रश्नावलीही भरून घेतात. ती १९७६ मधली, हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांची आहे. १६ ते ८६ गुण, जितके कमी तितका माणूस रात्रीचा. उत्तरं देताना ‘मला काय जमलं पाहिजे’ हे लिहू नका, ‘मोकळीक असती तर काय केलं असतं’ ते लिहा.

पुढची पायरी म्हणजे अ‍ॅक्टिग्राफ, मनगटावरचं हालचाल आणि उजेड नोंदवणारं यंत्र. कमी वापराच्या हातावर एक ते दोन आठवडे बांधायचं असतं. दिवा बंद करताना त्याचं बटण दाबायला विसरू नका, आणि लांब बाही त्याच्यावर येऊ देऊ नका, नाहीतर उजेडाची नोंद फुकट जाते. आंघोळीला काढलंत तर वेळ लिहून ठेवा. पुढे ती रिकामी जागा झोप म्हणून वाचली जाते. काही ठिकाणी लाळेची चाचणीही होते. मंद उजेडात बसून नेहमीच्या झोपेच्या पाच-सहा तास आधीपासून दर अर्ध्या किंवा एका तासाने कापसाचा बोळा चघळून द्यायचा, म्हणजे मेलाटोनिन कधी वाढायला लागतं ते कळतं. त्या संध्याकाळी चहा-कॉफी, चॉकलेट, केळं, टूथपेस्ट बंद. ही चाचणी नेमकी आहे, पण महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. चांगल्या नोंदी असतील तर तिच्यावाचून अडत नाही. ‘मेलाटोनिन झोपेच्या साधारण दोन तास आधी वाढायला लागतं’ हा ठोकताळा बहुतेकांना पुरतो.

निघण्याआधी डॉक्टरांकडून पत्र घ्या. ‘झोपेचा त्रास आहे’ एवढ्याच मजकुराच्या पत्राने काही होत नाही. विकाराचं पूर्ण नाव, आयसीडीचा क्रमांक, काम किंवा वर्ग किती वाजता सुरू व्हावा अशी शिफारस, किती आठवड्यांसाठी, आणि फेरतपासणीची तारीख, हे पाच मुद्दे त्यात हवेत. कामाच्या ठिकाणी कायमची सवलत मागण्यापेक्षा १२ आठवड्यांची तात्पुरती मागितली तर मान्य व्हायची शक्यता जास्त. कामाचे तास तेवढेच राहतील, फक्त सरकतील, हे अर्जात स्वतःहून लिहा. अर्जाची पोच घ्या. पावत्या आणि अहवाल एका पाकिटात ठेवा, फेरतपासणीला तेच पुन्हा मागतात.

उजेड

आता हिशेब. शरीराचं तापमान दिवसातून एकदा तळाला जातं, ते आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी. बाराला जाग येणाऱ्याचं नऊ ते दहाच्या दरम्यान. या तळानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. तळाच्या आधी पडलेला उजेड तेच घड्याळ आणखी पलीकडे ढकलतो. म्हणजे चार ते बारा झोपणारा माणूस निर्धाराने सहाला उठून उगवत्या उन्हात चालायला गेला, तर तो घड्याळाच्या दृष्टीने ऐन मध्यरात्री उजेड घेतो आणि त्याची झोप उलट उशिरा सरकू शकते. ‘सकाळचं ऊन घेऊन बघितलं, मला फरक पडला नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं नेमकं हेच झालेलं असतं. प्रयत्न खरा होता, वेळ चुकली होती.

म्हणून पहिल्या दिवशी उजेड दुपारी बारालाच घ्यायचा. नेहमीची जाग येते तेव्हा, उठल्या उठल्या. तीन दिवस बारा, पुढचे तीन दिवस साडेअकरा, मग अकरा. दर तीन दिवसांनी ३० मिनिटं अलीकडे. बारावरून सकाळी साडेसातवर, म्हणजे साडेअकराच्या झोपेनंतरच्या जागेवर, यायला नऊ पायऱ्या, कागदावर २७ दिवस. प्रत्यक्षात कुठेतरी, बऱ्याचदा साडेनऊ-दहाच्या आसपास, घड्याळ अडतं. गजराने उठता येतं, पण रात्री झोप मागच्याच वेळी येते. तसं दिसलं की पुढची पायरी घेऊ नका, त्याच वेळेवर सहा-सात दिवस थांबा. घाईने पुढे गेलात तर उजेड तळाच्या अलीकडे पडायला लागतो आणि केलेलं सगळं उलटतं.

उजेड किती? तो लक्स या मापात मोजतात. घरातल्या दिव्यांचा संध्याकाळी फार तर १०० ते ३०० लक्स भरतो. ढगाळ दिवशी बाहेर काही हजार, स्वच्छ दिवशी सावलीतही १०,००० च्या वर. घरात खिडकीजवळ बसणं बरं वाटतं, पण खिडकीपासून दोन मीटर आत आलात की तो उजेड थोडकाच उरतो. बाहेर पडता येत असेल तर ४५ मिनिटं ते एक तास बाहेर, गॉगल न लावता, सूर्याकडे थेट न बघता. हा उपाय फुकट आहे आणि दिव्यापेक्षा चांगला आहे. २०१३ मध्ये केनेथ राइट यांच्या गटाने काही जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत, कुठल्याही कृत्रिम दिव्याशिवाय ठेवलं, तेव्हा त्यांची मेलाटोनिनची वेळ जवळजवळ दोन तास अलीकडे आली.

बाहेर पडणं जमत नसेल तर १०,००० लक्सचा उजेडपेटी दिवा. खर्चाची ही एकच मोठी बाब आणि ती एकदाच करायची. घेताना बघायचं ते असं: १०,००० लक्स किती अंतरावर, हे खोक्यावर लिहिलेलं हवं. ‘१५ सेंटिमीटरवर १०,०००’ असेल तर तो दिवा कामाचा नाही, नाक चिकटवून कुणी अर्धा तास बसत नाही. ३० ते ४० सेंटिमीटरवर १०,००० देणारा, मोठ्या पृष्ठभागाचा, पांढरा, अतिनील किरण गाळणारा हवा. तो टेबलावर डोळ्यांच्या थोडा वर आणि किंचित बाजूला, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या काट्यासारखा ठेवायचा, म्हणजे ताटाकडे किंवा पुस्तकाकडे बघतानाही उजेड डोळ्यांत शिरतो. ३० मिनिटं. २,५०० लक्सचा दिवा असेल तर त्याच परिणामाला दोन तास लागतात. खुर्ची हळूहळू मागे सरकते, हे आठवडाभराने सगळ्यांचंच होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्म्याहून कमी उरतो, म्हणून टेबलावर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार, मायग्रेन, उजेडाने त्वचा पोळण्याची शक्यता वाढवणारी औषधं, आणि विशेषतः द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दिवा सुरू करू नका. तीव्र उजेडाने उन्माद उफाळू शकतो.

मेलाटोनिन, आणि त्याची वेळ

सर्वांत जास्त चुका इथे होतात. बहुतेक लोक ते झोपेची गोळी समजून अंथरुणावर पडताना घेतात. घड्याळ सरकवायला त्या वेळी घेतलेल्याचा उपयोग फार थोडा. नेहमीच्या झोपेच्या पाच ते सहा तास आधी घेतलेला छोटा डोस घड्याळ अलीकडे ओढतो. चारला झोपणाऱ्याने सुरुवात रात्री दहाला करायची आणि उजेडाची पायरी बदलेल त्या दिवशी मेलाटोनिनही ३० मिनिटं अलीकडे आणायचं. साडेसातला उठण्यापर्यंत पोचलात की ते संध्याकाळी साडेपाचला येतं.

डोस ०.५ मिलिग्रॅम पुरतो. जास्त घेतलं तर जास्त ओढतं असं नाही. ५ किंवा १० मिलिग्रॅम रक्तात तासन्‌तास रेंगाळतं आणि चुकीच्या वेळेपर्यंत पोचून घड्याळाला उलट संदेश देऊ शकतं, शिवाय सकाळी डोकं जड. हळूहळू सुटणारी गोळी या कामाला नको, साधी हवी. काही देशांत हे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि जिथे पूरक आहार म्हणून विकतात तिथे बाटलीवर लिहिलेलं आणि गोळीत असलेलं यात मोठी तफावत निघालेली आहे. म्हणून एकाच कंपनीचं, तपासणीचा शिक्का असलेलं घ्या आणि मध्येच बदलू नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधं, फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध, अपस्मार (फिट येणं), गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आधी विचारायचंच. घेतल्यावर काहींना सुस्ती येते, त्या वेळेत गाडी चालवू नका.

संध्याकाळ

सकाळी मिळवलेला अर्धा तास रात्रीच्या लख्ख दिव्याखाली सहज परत जातो. ठरवलेल्या झोपेच्या तीन तास आधीपासून घर अंधुक करायचं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार या तीन तासांत डोळ्यांपाशी, घड्याळाला जाणवणाऱ्या उजेडाच्या मापात, १० लक्सहून जास्त नसावा. छतावरचे दिवे बंद, कमरेच्या उंचीवर एखादा पिवळसर मंद दिवा, एवढ्याने ते जमतं. डोळ्यातल्या ज्या पेशी घड्याळाला खबर देतात त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, म्हणून गर्द केशरी काचांचा चष्मा उपयोगी पडतो. फोनमधलं पिवळसर रंगाचं सेटिंग एकटं पुरत नाही, पडद्याची तीव्रताही अगदी खाली आणावी लागते. न्हाणीघराचा दिवा मात्र हमखास विसरला जातो. दात घासायला गेलं की आरशावरचा पांढरा झोत सरळ डोळ्यांत. तो दिवा आधी बदला.

कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, आणि नुसती झोपच उडते असं नाही. २०१५ मधल्या एका प्रयोगात, झोपेच्या तीन तास आधी घेतलेल्या दुप्पट एस्प्रेसोएवढ्या कॅफिनने मेलाटोनिनची वेळ सुमारे ४० मिनिटं उशिरा सरकली. म्हणजे एक उशिराची कॉफी तीन दिवसांची पायरी खाते. शेवटचा कप झोपेच्या आठ-दहा तास आधी.

जेवणाचा परिणाम वेगळा आहे. २०१७ मध्ये जेवणं पाच तास उशिरा देऊन बघितली, तेव्हा रक्तातल्या साखरेची लय उशिरा सरकली, मेलाटोनिनची सरकली नाही. उठल्यावर तासाभरात खाणं चांगलंच, पण त्याने मुख्य घड्याळ हलेल अशी अपेक्षा नको.

मधले आठवडे

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खूप एकटं वाटतं. दुपारी बाराला उठून दिवा लावून बसलेल्या माणसाकडे घरचे बघतात तेव्हा त्यांना उपचार दिसत नाही, उशिरा उठणं दिसतं. वेळापत्रक भिंतीवर लावा: तारीख, उठण्याची वेळ, उजेड, मेलाटोनिन, दिवे मंद. घरच्यांना ते वाचता येतं, आणि मग गजर झाल्यावर खोलीत येऊन पडदा सरकवण्याचं काम एखादं माणूस आपण होऊन उचलतं. ही मदत फार मोलाची आहे, कारण या विकारात जागं झाल्यावरचा गुंगीचा काळ लांब असतो. गजर बंद केल्याचं आठवतही नाही. गजर हात पोचणार नाही इतका दूर आणि दिवा टायमरवर लावून ठेवा.

सुट्टीच्या दिवशी दोन तास जास्त झोपलात की सकाळचा उजेड हुकतो आणि सोमवारी घड्याळ मागे गेलेलं असतं. तासाभराची सूट ठीक, त्यापेक्षा जास्त नको. रात्र वाईट गेली तरी उठण्याची वेळ तीच. दुपारी अगदीच सहन होत नसेल तर २० मिनिटांची डुलकी, उठल्यापासून आठ तासांच्या आत. झोप येत नसेल तर अंथरुणावर पडून राहू नका. उठून मंद उजेडात बसा आणि पापण्या जड झाल्यावरच परत या.

उलट्या दिशेनेही जाता येतं: रोज तीन तास उशिरा झोपायचं आणि आठवडाभरात घड्याळभर फिरून ठरल्या वेळेवर थांबायचं. १९८१ मध्ये झायस्लर यांच्या गटाने हा उपाय मांडला. पण थांबायच्या वेळी घड्याळ थांबतंच असं नाही, आणि त्यानंतर २४ तासांना न धरणारा विकार सुरू झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. एकट्याने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टिकवणं

साडेअकरा ते साडेसात सलग दोन आठवडे जमलं की पायऱ्या संपल्या, उजेड नाही. उठल्यावरचा अर्धा तास आणि संध्याकाळचे मंद दिवे चालूच राहतात. मेलाटोनिन बंद करायचं की आठवड्यातून काही दिवस ठेवायचं, ते फेरतपासणीत ठरवा. ताप, परीक्षा, लग्नघरची जागरणं, पश्चिमेकडच्या लांबच्या प्रवासाहून परतणं, एवढ्यानेही झोप पुन्हा दोन-तीनवर जाते. तेव्हा अपराधी वाटून घेत साडेसातलाच दिव्यासमोर बसू नका. दोन दिवस गजराशिवाय झोपून जाग येण्याची नवी वेळ बघा, ती दहा निघाली तर दहापासून पायऱ्या पुन्हा सुरू करा. पहिल्यापेक्षा लवकर उरकतात.

काहींचं घड्याळ सगळं करूनही एकच्या अलीकडे येत नाही. त्यांनी साडेसातचा हट्ट सोडून एक ते नऊ पक्कं करावं आणि डॉक्टरांकडून पत्रात दहाची वेळ लिहून घ्यावी. बारापासून नऊपर्यंत आलेले तीन तास खरे आहेत, आणि नऊला पोटभर झोपून उठलेला माणूस सातला अर्धवट झोपेत ओढलेल्या माणसापेक्षा नीट काम करतो, सुरक्षित गाडी चालवतो. दर महिन्याला एक आठवडा वहीत पुन्हा ओळी लिहा. ‘दिवा बंद’ आणि ‘झोप’ यातलं अंतर ४५ मिनिटांच्या वर जायला लागलं की संध्याकाळचे दिवे आधी तपासा, मग सकाळच्या खुर्चीचं दिव्यापासूनचं अंतर.